जॉइन लावल्यावर ओळी का हरवतात आणि का वाढतात?

मागील अंकात या सदरात जगातील दीर्घायुषी व्यवसायांची माहिती तीन टेबलांत कशी मांडावी, हे सांगितले होते. पहिल्या टेबलात व्यवसायाचे नाव, स्थापनेचे वर्ष, देशाचा कोड आणि प्रकाराचा कोड असतो. दुसऱ्यात देशाचा कोड, देशाचे नाव आणि खंड, तर तिसऱ्यात प्रकाराचा कोड आणि प्रकाराचे नाव असते. ही टेबले एसक्यूएल या डेटाबेसच्या आज्ञाभाषेने जोडून, म्हणजे जॉइन लावून, पाहिल्यावर ज्या अडचणी आल्या, त्यांविषयी खानदेशातून चार पत्रे आली आहेत. चौघांनाही वेगळे उत्तर द्यावे लागणार आहे. मात्र जॉइन लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर ओळी मोजल्याच पाहिजेत, ही माझी विनंती चौघांनाही सारखीच आहे. आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत द्याव्यात.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेबशास्त्र शिकवतो. प्रत्येक देशात आज चालू असलेला सर्वांत जुना व्यवसाय कोणता, याचे टेबल मी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तयार केले. त्यात १६० ओळी आहेत. देशांच्या टेबलाशी इनर जॉइन केल्यावर मात्र १६२ ओळी येतात. दोनच ओळींचा फरक असल्याने तो सोडून पुढे जावे का? सोबत फाइल पाठवत आहे. (वाचक, अमळनेर)

उत्तर : सोडून देऊ नये. आपली फाइल उघडून एकेक ओळ पाहिली. आपल्याला दिसणारा दोन ओळींचा फरक म्हणजे दोन वेगवेगळ्या चुकांची वजाबाकी आहे. जॉइनमध्ये आपल्या पाच ओळी गळाल्या आणि सात ओळी विनाकारण वाढल्या. तेरीज जुळली म्हणून खाती बरोबर असतीलच असे नाही, हे आपण विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असाल. एका खात्यातील चूक दुसऱ्या खात्यातील चुकीला झाकते आणि बेरीज शांतपणे जुळून जाते. येथे नेमके तेच झाले आहे. आपल्या पाचऐवजी सात ओळी गळाल्या असत्या, तर निकालात बरोबर १६० ओळी दिसल्या असत्या आणि आपण हे पत्र लिहिलेच नसते.

जॉइन म्हणजे काय, हे आपल्याला रोजमेळ आणि खतावणीच्या भाषेत सांगतो. रोजमेळाच्या प्रत्येक नोंदीपुढे खाते पानाचा क्रमांक लिहितात आणि त्या क्रमांकावरून खतावणीचे नेमके पान उघडतात. आपल्या व्यवसायांच्या टेबलातील देशाचा कोड म्हणजे हे खाते पान होय. इनर जॉइन रोजमेळाची एकेक नोंद घेतो, त्या क्रमांकाचे पान शोधतो आणि पान सापडले तर दोन्ही ओळी शेजारी मांडतो. पान सापडले नाही, तर ती नोंद कोणतीही सूचना न देता गाळली जाते. एकाच क्रमांकाची दोन पाने असली, तर तीच नोंद दोनदा मांडली जाते. दोन्ही वेळी संगणक तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे नियमाला धरून असतात.

आता गळालेल्या पाच ओळी पाहू. त्या शोधण्याची आज्ञा अशी :

सिलेक्ट व.नाव, व.देश_कोड
फ्रॉम व्यवसाय व
लेफ्ट जॉइन देश द ऑन व.देश_कोड = द.कोड
व्हेअर द.कोड इज नल;

लेफ्ट जॉइन डावीकडच्या टेबलातील प्रत्येक ओळ राखतो आणि उजवीकडे जोडी न मिळाल्यास तिथले रकाने रिकामे, म्हणजे नल ठेवतो. शेवटची अट नेमक्या अशाच बिनजोडीच्या ओळी वेगळ्या काढते. आपल्या फाइलवर ही आज्ञा चालवल्यावर ब्रिटन, ग्रीस, कोसोवो, पोर्तुगाल आणि नामिबिया हे पाच देश पुढे आले, आणि त्यांच्या गळण्याची कारणे एकसारखी नाहीत.

आपण युरोपातील देशांचे कोड युरोपीय संघाच्या सांख्यिकीय तक्त्यांतून घेतलेले दिसतात. तेथे ब्रिटनसाठी ‘यूके’ आणि ग्रीससाठी ‘ईएल’ लिहितात. आपल्या देशांच्या टेबलात आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय मानकाचे कोड आहेत आणि त्या मानकात हेच दोन देश ‘जीबी’ आणि ‘जीआर’ आहेत. परिणाम किती मोठा झाला, ते पाहा. युरोपातील जुन्या व्यवसायांची आपली यादी ८०३ सालच्या साल्झबर्गमधील सेंट पीटर मठाच्या उपाहारगृहापासून सुरू होते. त्यानंतर मोझेल नदीकाठचा श्टाफेल्टर होफ हा ८६२ सालचा द्राक्षमळा आणि ८६४ सालची पॅरिसची टांकसाळ येते. मग यादी एकदम ९०० सालच्या, आयर्लंडमधील ॲथलोन गावच्या शॉन्स बारवर उडी मारते. मध्ये ८८६ सालची ब्रिटनची रॉयल मिंट असायला हवी होती. दोन अक्षरांच्या फरकाने अकराशे वर्षांहून जुनी टांकसाळ यादीतून गेली.

कोसोवोला आयएसओचा अधिकृत कोड मिळालेला नाही. अनेक संस्था त्याच्यासाठी ‘एक्सके’ हा तात्पुरता कोड वापरतात. तो आपल्या व्यवसायांच्या टेबलात आहे, देशांच्या टेबलात नाही. ती ओळ हाताने घालावी लागेल. पोर्तुगालच्या कोडमागे एक रिकामी जागा टाइप झाली आहे; डोळ्यांना ती दिसत नाही, पोस्टग्रेएसक्यूएल मात्र ‘पीटी’ आणि रिकामी जागा लागलेला ‘पीटी’ यांना वेगळे मानते. माहिती टेबलात भरतानाच ट्रिम वापरून अशा जागा काढून टाकाव्यात.

नामिबियाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. त्या देशाचा आयएसओ कोड ‘एनए’ आहे. देशांची यादी आपण पायथनमधील पांडाज वापरून टेबलात भरली, असे फाइलवरून दिसते. पांडाज आणि आर या दोन्ही साधनांमध्ये ‘एनए’ ही अक्षरे ‘माहिती उपलब्ध नाही’ या अर्थाने वाचली जातात. त्यामुळे आपल्या देशांच्या टेबलात नामिबियाचे नाव आहे, पण कोडचा रकाना रिकामा आहे. व्यवसायांच्या टेबलात कोड आपण हाताने लिहिल्यामुळे तो शाबूत राहिला आणि त्याला जोडी मिळाली नाही. पांडाजमध्ये फाइल वाचताना ‘एनए’ला रिकामे समजू नये, अशी सूचना देता येते, ती द्यावी.

हा एक रिकामा रकाना आणखी एक घात करतो. बिनजोडीच्या ओळी शोधण्यासाठी आपण आधी ‘व्हेअर देश_कोड नॉट इन (सिलेक्ट कोड फ्रॉम देश)’ अशी आज्ञा दिली होती आणि तिने शून्य ओळी दिल्या, म्हणून काहीही गळालेले नाही असा आपला समज झाला. तो समज होणे स्वाभाविक आहे. पण एसक्यूएलमध्ये नल म्हणजे ‘अज्ञात’. ‘यूके’ हा कोड यादीत नाही, असे सांगण्यासाठी यादीतील प्रत्येक कोड ‘यूके’पेक्षा वेगळा असल्याची खात्री लागते, यादीत एक जरी अज्ञात असेल, तरी तो ‘यूके’च असू शकतो, म्हणून अट सत्य ठरत नाही आणि एकही ओळ बाहेर येत नाही. नामिबियाच्या एका रिकाम्या रकान्याने उरलेल्या चारही देशांची गळती झाकली. अशा तपासणीसाठी नॉट इनऐवजी नॉट एक्झिस्ट्स किंवा वर दिलेला लेफ्ट जॉइन वापरावा.

वाढलेल्या सात ओळींचे कारण सोपे आहे. आपल्या देशांच्या टेबलात रशिया, तुर्कस्तान, कझाकस्तान, अझरबैजान, आर्मेनिया, जॉर्जिया आणि सायप्रस या सात देशांच्या दोन-दोन ओळी आहेत. एक आशियासाठी आणि एक युरोपासाठी. त्यामुळे इस्तंबूलमधील १५८४ सालचे चेंबरलिताश हमाम एकदा आशियात आणि एकदा युरोपात मोजले गेले आहे, वास्तविक ते शहराच्या युरोपीय भागात आहे. एका देशाला एकच खंड द्यायचा की नाही, हा भूगोलाचा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय आपणच घ्यायचा आहे. आपला निर्णय टेबलात मात्र दिसला पाहिजे. देशाचा कोड प्रायमरी की, म्हणजे टेबलात एकदाच येऊ शकणारी खूण, म्हणून जाहीर करावा. मग दुसरी ओळ घालतानाच संगणक अडवील. निकाल आल्यावर डिस्टिंक्ट लावून दुहेरी ओळी पुसण्याचा मार्ग अनेकजण सुचवतील, पण येथे तो उपयोगी नाही, कारण खंडाचे नाव वेगळे असल्याने त्या दोन ओळी संगणकाला एकसारख्या वाटतच नाहीत.

दुरुस्तीनंतर आपल्या फाइलवर तोच इनर जॉइन पुन्हा चालवला. १६० ओळी आल्या, आणि लेफ्ट जॉइनच्या तपासणीत एकही ओळ बिनजोडीची राहिली नाही. ताळा जुळला असे या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्यावरच म्हणावे.

प्रश्न : आफ्रिकेतील सर्व देशांची यादी हवी आहे. ज्या देशात १८०० पूर्वीचा व्यवसाय टिकून आहे त्याचे नाव समोर यावे, नसल्यास जागा रिकामी राहावी. देश डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन लावला, तरी व्यवसाय नसलेले देश निघून जातात. (विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : आपण ‘व.वर्ष < १८००’ ही अट व्हेअरमध्ये लिहिली आहे, ती ऑनमध्ये हलवावी. लग्नाच्या आमंत्रितांची यादी आणि आहेराची वही समोर ठेवली, असे समजा. लेफ्ट जॉइन प्रत्येक आमंत्रिताचे नाव ठेवतो आणि आहेर न आलेल्यांपुढे रकाना कोरा सोडतो. त्यानंतर आपण व्हेअरमध्ये ‘आहेर पाचशेहून अधिक’ अशी अट घातली, तर कोऱ्या रकान्याची तुलना होऊच शकत नाही, आणि लेफ्ट जॉइनने राखलेली नावे व्हेअर पुसून टाकतो. म्हणजे लेफ्ट जॉइन लिहूनही काम इनर जॉइनचेच झाले. ऑनमधील अट जोडी कोणाशी लावायची ते ठरवते, व्हेअरमधील अट जोडी लागून झाल्यावर ओळ ठेवायची की नाही ते ठरवते. ‘द.खंड = आफ्रिका’ ही अट मात्र व्हेअरमध्येच राहू द्यावी, कारण ती डावीकडच्या टेबलाची आहे.

मोजणी करतानाही असाच घोटाळा होतो. प्रत्येक देशातील व्यवसाय मोजण्यासाठी काउंट(*) लिहिल्यास, एकही व्यवसाय नसलेल्या देशापुढे १ दिसेल, कारण लेफ्ट जॉइनने त्याची एक कोरी ओळ राखलेली असते. काउंट(व.नाव) लिहिल्यास रिकामा रकाना मोजला जात नाही आणि योग्य ते शून्य येते.

प्रश्न : सराफ बाजारात आमची पेढी आहे आणि मी पाचव्या पिढीतला आहे. प्रत्येक खंडातील सर्वांत जुना व्यवसाय शोधण्यासाठी मिन(वर्ष) आणि ग्रुप बाय खंड लिहिले. वर्ष बरोबर येते. नाव मागितले की एका संगणकावर चूक दाखवतो आणि दुसऱ्या जुन्या संगणकावर भलतेच नाव येते. असे का? (वाचक, जळगाव)

उत्तर : ग्रुप बाय खंड लिहिल्यावर एका खंडातील सगळ्या ओळी मिळून एकच ओळ होते. त्या गटातले सर्वांत लहान वर्ष एकच असते, पण नावे अनेक असतात. त्यांपैकी कोणते दाखवायचे, हे आपण सांगितलेले नाही. बहुतेक डेटाबेस अशा वेळी आज्ञा नाकारतात आणि ते योग्यच आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या मात्र गटातले कोणतेही एक नाव उचलून देत असत, ५.७ पासून तो डेटाबेसही मूळ मांडणीतच अशी आज्ञा नाकारू लागला. आपल्या जुन्या संगणकावर त्याआधीची आवृत्ती असावी किंवा ती मांडणी कोणी बदललेली असावी. चूक दाखवणारा संगणक येथे आपला खरा मदतनीस आहे.

मार्ग असा, की प्रत्येक खंडाचे सर्वांत जुने वर्ष आधी वेगळे काढावे आणि ते छोटे टेबल मूळ टेबलाशी पुन्हा जोडावे :

विथ जोड ॲज (
सिलेक्ट व.नाव, व.वर्ष, द.खंड
फ्रॉम व्यवसाय व जॉइन देश द ऑन व.देश_कोड = द.कोड)
सिलेक्ट ज.खंड, ज.नाव, ज.वर्ष
फ्रॉम जोड ज
जॉइन (सिलेक्ट खंड, मिन(वर्ष) ॲज जुने फ्रॉम जोड ग्रुप बाय खंड) म
ऑन ज.खंड = म.खंड अँड ज.वर्ष = म.जुने;

शेवटच्या ओळीतील दोन्ही अटी आवश्यक आहेत. खंडाची अट विसरली, तर आफ्रिकेच्या सर्वांत जुन्या वर्षी युरोपात सुरू झालेला एखादा व्यवसायही निकालात येऊन बसेल. एका खंडात एकाच वर्षाचे दोन व्यवसाय असतील तर दोन्ही येतील. माझ्या मते ते यावेतच. रो_नंबर वापरून एकच ओळ काढता येते, पण दोघांपैकी एकाला निव्वळ योगायोगाने वगळणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्यासाठी रँक हे फंक्शन अधिक योग्य आहे, कारण ते बरोबरीच्यांना एकच क्रमांक देते.

आता निकालाकडे पाहा. आशियात ५७८ सालची, जपानच्या ओसाका शहरातील कोंगो गुमी ही मंदिरे बांधणारी संस्था येते. युरोपात वर उल्लेखिलेले ८०३ सालचे साल्झबर्गचे उपाहारगृह आहे. उत्तर अमेरिकेत १५३५ सालची मेक्सिकोची टांकसाळ, दक्षिण अमेरिकेत १५६५ सालची पेरूची टांकसाळ, आफ्रिकेत १७७२ सालचे मॉरिशसचे टपाल खाते आणि ओशियानियात १८०९ सालचे ऑस्ट्रेलियाचे टपाल खाते. सहापैकी चार ठिकाणी सरकारी टांकसाळ किंवा टपाल खाते आहे. प्रकारांचे तिसरे टेबल जोडेपर्यंत हे ठळकपणे दिसत नाही, म्हणून ते जोडण्याचा आळस करू नये. आपल्यासारख्या पिढीजात पेढ्यांशी तुलना करायची असेल, तर टांकसाळीशी स्पर्धा लावण्यात अर्थ नाही. राज्यकर्ते बदलले तरी नाणी पाडावीच लागतात. मालकीचा एक वेगळा रकाना घालावा आणि खासगी व्यवसायांपुरतीच वरची आज्ञा चालवावी. भारतापुरते पाहिले, तर अशा याद्यांमध्ये साधारणपणे १७३६ सालचा वाडिया समूह असतो. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला जहाजे बांधण्यासाठी आले, ते हे वर्ष.

कोंगो गुमीविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवावी. सुमारे चौदा शतके एका घराण्याकडे राहिलेली ही संस्था २००६ मध्ये ताकामात्सु या बांधकाम समूहाची उपकंपनी झाली. नाव आणि काम चालू आहे, मालकी बदलली आहे. आपल्या टेबलात स्थापना वर्षाचा एकच रकाना असेल, तर हा बदल कोठेही दिसणार नाही. पेढ्यांच्या वाटण्या होऊन एकाच नावाची दोन-तीन दुकाने होणे सराफ बाजारात नवे नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही लवकरच पडेल. मालकीच्या इतिहासाचे वेगळे टेबल करून ते व्यवसायाच्या क्रमांकाने जोडणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. नावाने जोडू नये. एकाच नावाच्या तीन दुकानांना तीन मालकांशी नावाने जोडले, तर नऊ ओळी येतील.

प्रश्न : आम्ही काही मित्र तालुक्यातील जुन्या दुकानांची, जिनिंगची आणि गिरण्यांची नोंद करत आहोत. स्थापनेच्या वेळी ते ठिकाण कोणत्या जिल्ह्यात होते, हेही दाखवायचे आहे. जिल्ह्यांची नावे आणि सीमा बदलत गेल्या आहेत. जॉइन कसा लावावा? शिवाय काही पाट्यांवर शके आहे, काही वह्यांवर संवत आहे. (वाचक, शहादा)

उत्तर : आपले पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. जगातील जुन्या व्यवसायांच्या याद्या पुष्कळ आहेत; शहाद्याच्या बाजारपेठेची यादी आपणच करायची आहे.

प्रथम वर्षाविषयी. वर्षाचा रकाना साध्या पूर्णांकाचा ठेवावा, तारखेचा ठेवू नये. एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. मायएसक्यूएलमधील इयर हा प्रकार १९०१ ते २१५५ इतकीच वर्षे घेतो आणि एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम १७५३ च्या मागे जात नाही. हे प्रकार चालू व्यवहारांसाठी केलेले आहेत. ५७८ सालची मंदिरे बांधणारी संस्था यांपैकी कशातच बसत नाही आणि १८८० सालचे किराणा दुकान पहिल्या दोहोंत बसत नाही.

शके आणि संवत यांच्यासाठी तीन रकाने करावेत : पाटीवर जसे लिहिले आहे तसे वर्ष, कालगणनेचे नाव, आणि आपण काढलेले इसवी सन. शकाच्या वर्षात गुढीपाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि पुढे फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावेत. व्यापाऱ्यांच्या वहीतील विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ५७ आणि त्यानंतर ५६ वजा करावेत. लक्ष्मीपूजनाला पुजलेल्या एखाद्या वहीवर संवत १९६७ असेल आणि शेजारच्या दुकानाच्या पाटीवर शके १८३२ असेल, तर दोन्ही दुकाने १९१०-११ या सुमाराची आहेत. हे रूपांतर न करता वर्षे एकाच रकान्यात भरली, तर शकाचे दुकान ७८ वर्षांनी जुने ठरेल आणि संवताचे दुकान अजून सुरूच व्हायचे आहे, असा निष्कर्ष १९६७ पूर्वीच्या कोणत्याही मोजणीत निघेल. मूळ पाटीवरचे वर्ष पुसून टाकू नये, कारण रूपांतरात एका वर्षाची चूक झाल्यास परत जाण्यासाठी तेच एक साधन असते.

आता जिल्ह्याकडे येऊ. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. धुळे जिल्ह्याचे पूर्वीचे नाव पश्चिम खानदेश आणि जळगावचे पूर्व खानदेश. हे दोन जिल्हेही १९०६ मध्ये एकाच मोठ्या खानदेश जिल्ह्याचे विभाजन होऊन झाले. म्हणजे १८९० सालचे शहाद्याचे दुकान खानदेश जिल्ह्यात, १९२० सालचे पश्चिम खानदेशात, १९७५ सालचे धुळ्यात आणि २००५ सालचे नंदुरबारात स्थापन झाले, जरी ही चारही दुकाने एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी असली तरी. त्यामुळे केवळ गावाच्या नावाने जॉइन लावल्यास प्रत्येक दुकान चारही जिल्ह्यांपुढे एकेकदा येईल, आणि अमळनेरच्या वाचकांच्या ओळी जशा वाढल्या तशाच आपल्याही वाढतील.

गाव_जिल्हा असे टेबल करावे. त्यात गावाचा क्रमांक, जिल्ह्याचे नाव, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे चार रकाने असावेत. पश्चिम खानदेशाचे धुळे झाले, त्या नामांतराचे वर्ष राजपत्रातून पाहून भरावे. जॉइन असा :

ऑन दु.गाव_क्रमांक = ग.गाव_क्रमांक
अँड दु.वर्ष >= ग.पासून
अँड दु.वर्ष < ग.पर्यंत

येथे दोन ठिकाणी जपावे. सुरुवातीला ‘मोठे किंवा बरोबर’ आणि शेवटी फक्त ‘लहान’ असे लिहावे. दोन्हीकडे बरोबरी ठेवली, म्हणजे बिट्वीन वापरला, तर नेमके १९०६ सालचे दुकान खानदेशातही येईल आणि पश्चिम खानदेशातही. दुसरे असे, की नंदुरबारच्या ओळीत ‘पर्यंत’चा रकाना कोरा ठेवू नये. कोऱ्या रकान्याशी तुलना सत्य ठरत नाही, त्यामुळे १९९८ नंतरची सगळी दुकाने गळून जातील. तेथे ९९९९ लिहावे. गावागावांसाठी वेगळ्या ओळी करण्याचे आणखी एक कारण आहे : १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातील काही गावे सुरत जिल्ह्यात गेली. तालुक्याच्या नावाने जॉइन लावणाऱ्याला ती गावे सापडणार नाहीत.

काही व्यवसायांचे जन्मगाव एक आणि आजचे मुख्यालय दुसरे असते. खानदेशातले सर्वांत ठळक उदाहरण अमळनेरचे आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी तेथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी नोंदली गेली; तीच आजची विप्रो, आणि तिचे मुख्यालय बंगळूरला आहे. आपल्या टेबलात गावाचा एकच रकाना असेल, तर ही कंपनी अमळनेरच्या यादीत येईल किंवा बंगळूरच्या, दोन्ही ठिकाणी येणार नाही. ‘स्थापना_गाव’ आणि ‘आजचे_गाव’ असे दोन रकाने करून गावांचे टेबल दोन वेगळ्या टोपणनावांनी दोनदा जोडावे. एकच टेबल एका आज्ञेत दोनदा जोडता येते, याचे नवख्यांना नवल वाटते, पण त्यात अडचण काहीही नाही. शहाद्याहून सुरतेला किंवा इंदूरला गेलेली दुकाने आपल्याला याच मार्गाने दाखवता येतील.

शेवटी, आपल्या पत्रात जे विचारलेले नाही, पण ज्यावर आपल्या सर्व कामाचा अर्थ अवलंबून आहे, त्याविषयी. आपण फक्त आज चालू असलेल्या दुकानांची नोंद करत आहात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला मोठी तेजी आली. त्या तेजीत उघडलेल्या आणि पुढे भाव पडल्यावर बुडालेल्या पेढ्या आपल्या टेबलात कोठेच नसतील. त्यामुळे आपल्या निकालात एखाद्या दशकातील दुकाने अधिक दिसली, तर त्या दशकात अधिक दुकाने सुरू झाली की त्या दशकातली अधिक टिकली, हे कोणताही जॉइन सांगू शकणार नाही. जी ओळ कोणत्याच टेबलात नाही, ती लेफ्ट जॉइनलाही सापडत नाही. जगाच्या याद्यांतही हाच दोष आहे; त्या प्रत्येक देशातला टिकलेला एक व्यवसाय दाखवतात आणि त्याच्याबरोबर सुरू झालेले इतर किती संपले, ते दाखवत नाहीत.

आपल्याला ही उणीव बरीचशी भरून काढता येईल, कारण बंद झालेल्या दुकानाची जागा, मालकाचे आडनाव आणि साधारण वर्ष सांगू शकणारी माणसे अजून बाजारपेठेत आहेत. जुन्या कागदपत्रांसाठी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातही चौकशी करावी. टेबलात ‘बंद_वर्ष’ हा रकाना आजच घालावा, आणि वर्ष नक्की कळले नाही तर अंदाजाचे वर्ष भरून शेजारी ‘अंदाजे’ अशी खूण ठेवावी. या एका रकान्यात मात्र कोरी जागा ठेवावी आणि तिचा अर्थ एकच असावा : दुकान चालू आहे. बंद दुकानांसाठी वेगळे टेबल करू नये. चालू दुकाने हवी असतील, तेव्हा ‘व्हेअर बंद_वर्ष इज नल’ एवढी अट पुरेशी आहे, आणि सगळीच हवी असतील, तेव्हा ती काढून टाकावी.